अपघाताच्या फॉर्मवरची एक ओळ

दोन हजार तीन-चारच्या सुमारास पुण्याजवळ उरवड्याच्या एका कारखान्यात मी हजेरी आणि कामगार विम्याची कागदपत्रं सांभाळायचो. मूळचा परभणीकडचा, त्यात बी. कॉम., त्यामुळे कायदा आपल्यालाच कळतो अशी माझी घमेंड होती. एका बाईने ती उतरवली, आणि बरंच झालं.

तिचा नवरा प्रेस मशीनवर होता. एका सकाळी त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं प्रेसखाली गेली. सुपरवायझर म्हणजे तिचाच थोरला भाऊ. दाजीला कामाला त्यानेच चिकटवलं होतं. आणि माल भराभर निघावा म्हणून मशीनची संरक्षक जाळीही त्यानेच काढून ठेवली होती. चौकशी झाली की तो अडकणार, हे उघड होतं.

दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्येच ठरलं, की घरी फाटी तोडताना कोयता लागला म्हणून सांगायचं. जखमी माणूसच कण्हत म्हणाला, "पाव्हण्यांवर बालंट नगं." इकडे नात्यापुढे माणूस स्वतःचा हातही बघत नाही. मीही मान डोलावली. विम्यात उपचार फुकटच होते, घरी लागो की कामावर. मग बिघडलं कुठे?

बिघडणार होतं ते पुढे. कामावरच्या अपघातातून आलेल्या अपंगत्वालाच जन्मभराची पेन्शन मिळते, आणि कोयता एकदा कागदावर चढला की उतरवता उतरत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी गप्प बसलो, कारण सुपरवायझर आणि मी रोज एकत्र डबा खायचो. त्याची आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी ती बाई ऑफिसात आली. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या कामगाराकडून तिने पेन्शनचं सगळं काढून घेतलं होतं, आणि डॉक्टरांना खरं सांगूनही टाकलं होतं. समोर बसत म्हणाली, "सायेब, तुमच्या कागदावर काय लिवलंय?"

"अजून लिहायचंय," मी चाचरत म्हणालो.

"मग प्रेस लिवा. कोयत्यानं बोटं कापत्यात. अशी चेंदून जात्यात व्हय?"

तेवढ्यात भाऊ आत आला. "माझी नोकरी घालवतीस व्हय गं? माहेर तोडायचंय का तुला?"

ती उठली नाही, रडली नाही. "दादा, तुला दुसरी नोकरी मिळंल. ह्यांना बोटं कुटं मिळायची? माहेर तुटलं तर तुटलं. खोटं लिवू द्यायची न्हाई."

भाऊ जायला दाराकडे वळला. मग खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला. "लिवा. जाळी मी काढली हुती. साक्षीदार म्हणून माझंच नाव घाला." त्या क्षणी मला त्याचंही कौतुक वाटलं.

त्याची सुपरवायझरी गेली. तो पुन्हा मशीनवर उभा राहिला. दाजीला वैद्यकीय मंडळाने तपासलं आणि काही महिन्यांनी पेन्शन सुरू झाली, मरेपर्यंतची.

त्या फॉर्मची प्रत मी फाइलला लावली तेव्हा पुन्हा एकदा नीट वाचली. जखमीचं नाव होतं, साक्षीदाराचं होतं, खाली माझी सही होती. तिचं नाव लिहायला त्यात कुठे जागाच नव्हती.