अम्माची भट्टी आणि माझा अर्ज

लग्न होऊन बीडला निघाले तेव्हा मैत्रिणींना मी तोऱ्यात सांगितलं होतं, आता आम्ही शहरात राहणार. मालकांनी बिऱ्हाड केलं होतं नदीपलीकडच्या पेठेत, कारण तिथं खोली स्वस्त मिळायची. मालक म्हणजे माझा नवरा. आमच्याकडं नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि ते मला आज लिहितानाही जमत नाही. ते कचेरीबाहेर लिंबाखाली सतरंजी टाकून बसायचे आणि लोकांचे अर्ज उर्दूत लिहून द्यायचे. राज्य निजामाचं, सगळा कारभार उर्दूत. ज्याला ती येत नव्हती त्याला स्वतःचं गाऱ्हाणंसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घ्यावं लागायचं.

मी चकलांब्याकडची. आमच्या गल्लीत सगळे नात्यातले. इथं डाव्या हाताला मोमिनांचे माग दिवसभर खटखटायचे, समोर तांबोळ्याचं पानांचं दुकान, मागं तेलंगणातून आलेलं एक बिऱ्हाड, आणि उजव्या हाताला छागली शिवणारे कारागीर. छागल म्हणजे प्रवासात पाणी गार ठेवायची चामड्याची पिशवी. बीडच्या छागलींना लांबून मागणी असायची, आणि त्या चामड्याचा वास थेट माझ्या चुलीपर्यंत यायचा. आठ दिवस मी नाकाला पदर लावून काढले. नवव्या दिवशी मालकांना म्हटलं, "कागद घ्या. आबांना पत्र लिवायचंय."

"सांग की," म्हणाले.

मी सांगितलं. "इथं माझा जीव रमत न्हाई. शेजार कसला हाय ते सांगायची सोय न्हाई. पंचमीला दादाला धाडा, मला घेऊन जा, अन् परत धाडू नका." मला वाटलं होतं, ते मध्येच थांबतील, समजूत काढतील, निदान चिडतील तरी. कसलं काय! ताठ बसून त्यांनी मोडीत शब्द न शब्द लिहिला आणि कचेरीतल्या सुरात मला वाचून दाखवला.

"आणखी काही?"

"न्हाई."

"मग अंगठा लाव."

लावला; तेव्हा मला लिहिता येत नव्हतं. त्या चामड्याच्या वासाचा आला नसेल इतका राग मला त्या माणसाचा आला.

नागपंचमीला दोन महिने होते, आणि तोवर पोटाला काहीतरी हवं होतं. आईनं निघताना बजावलं होतं की परक्याच्या हातचं शिजलेलं खायचं नाही. भाजलेल्याला मात्र विटाळ नसतो, म्हणून फुटाणे-लाह्यांपुरती एक फट तिनं ठेवली होती. त्या फटीतूनच मी पेठेत शिरले.

पेठेच्या तोंडाशी अम्माची भट्टी होती. अम्मा परदेशी, म्हणजे तिचे आजे-पणजे उत्तरेकडून कुठल्याशा फौजेमागं आलेले. नवरा वारल्यावर भट्टी तिनंच चालवली होती. जमिनीत खोल चूल, तीवर लोखंडी कढई, कढईत तापून लाल झालेली वाळू, खाली तुराट्या-पळाट्यांचा जाळ. आपलं धान्य आपण न्यायचं. ती ते वाळूत टाकून फिरवायची, चाळणीनं चाळून परत द्यायची आणि भाजणावळ म्हणून एक ओंजळ स्वतःच्या टोपलीत टाकायची. मोमिनांचे हरभरे, तांबोळ्याचे शेंगदाणे, माझी ज्वारी, सगळं त्याच वाळूत. पहिल्या दिवशी मी विचारलं, "वाळू बदलत न्हाई का तुमी?"

अम्मा हसली. "कावून बदलू, बेटी? एवढ्या जाळात काय टिकतंय?"

रांगेतल्या बायकाही हसल्या. मला लई राग आला, पण त्या गरम लाह्या घरी पोचेपर्यंत ओच्यात उरल्या नाहीत.

मग रोजच जायला लागले. फुटाण्यांवरून शेवेवर आले. तळलेलं म्हणजे जवळजवळ भाजलेलंच, असं मी मनाशी ठरवून टाकलं. अम्माच्या चुरमुऱ्यांचा मी कांदा-मिरची घालून सुशीला केला, म्हणजे फोडणीच्या पोह्यांसारखा पदार्थ, आणि थोडा मागच्या तेलंगी बाईला दिला. तिचं बोलणं मला कळत नव्हतं, माझं तिला. पण दुसऱ्या दिवशी तिनं चिंचेचा भात पाठवला आणि तो खाताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतका तिखट. तो शिजलेला होता, हे भांडं रिकामं झाल्यावर ध्यानात आलं.

एकदा मालकांची शेरवानी झटकताना खिशात नान रोटीचा अर्धा तुकडा सापडला. कोपऱ्यावरच्या मुसलमान भटारखान्यातला. मी घर डोक्यावर घेतलं. "धर्म बुडवायला आणलं का मला इथं?" त्यांनी पागोटं चढवलं आणि ते कचेरीला गेले. ते गेल्यावर मी तो तुकडा बराच वेळ बघत बसले. मग खाल्ला. मऊ होता, किंचित गोडसर, वर खसखस. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "तो तुकडा कुठंय?" मी म्हटलं, "गाईला घातला." हे खोटं मी जन्मभर सांभाळलं.

आषाढ सरत आला. पत्र कधीच पोचलं होतं. पंचमीला दादा मुराळी म्हणून येणार, म्हणजे मला माहेरी न्यायला, आणि या खेपेला कायमची न्यायला. मला आता जायचं नव्हतं. सणापुरतं हवं होतं, झोके खेळायचे होते. पण इथली भट्टी, तो चिंचेचा भात आणि संध्याकाळी दिवसभरातल्या अर्जांच्या गमती सांगणारा तो ताठ बसणारा माणूस, हे सगळं सोडायचं नव्हतं. त्यांना नुसतं म्हणायचं होतं, दुसरं पत्र लिहा. पण आपणच केलेला अर्ज मागं घ्यायचा म्हणजे नाक खाली करावं लागतं, आणि माझं नाक तेव्हा भलतंच वर होतं. त्यांनीही विचारलं नाही.

पंचमीच्या दिवशी कुणी तवा ठेवत नाही, भट्टीही बंद. म्हणून आधीचे दोन-तीन दिवस सगळी पेठ लाह्यांसाठी अम्माच्या दारात. नेमकं तेव्हाच चाळणी निसटली आणि तापलेली वाळू अम्माच्या उजव्या हातावर पडली. कुणी कोरफड आणली, कुणी चिंधी फाडली. अम्मा दात आवळून बसली होती आणि रांगेकडं बघत होती. वर्षातली हीच तिची सुगी.

मी पदर खोचला आणि कढईपुढं बसले.

पहिला घाणा वाया गेला. वाळू निवलेली होती, निम्म्यावर गणंगच राहिले, न फुललेले कडक दाणे. अम्मा मागून ओरडली, "जाळ वाढव! आन हात कावून थांबवती?" दुसरा घाणा करपला. तिसऱ्याला कढईत तड तड सुरू झालं आणि पांढऱ्या लाह्या काठावरून उड्या मारायला लागल्या. रांगेतल्या बायकांनी "वा वा" केलं. मला इतका आनंद झाला की हात भाजला तरी कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा आला. बैलगाडी गल्लीच्या तोंडाशी लावून पत्ता विचारत आला, तर भट्टीपुढं मीच. तोंडाला काजळी, केसांत राख.

"ऊठ," दादा म्हणाला. "आत्ता ऊठ. पटवाऱ्यानं चावडीवर तुझं पत्र वाचलं, साऱ्या गावानं ऐकलं. आबा दोन दिस जेवले न्हाईत. आन इथं तू हे करतीस?"

"दादा, लोकांचं धान्य कढईत हाय."

"तूच लिवलंतंस ना, घेऊन जा म्हणून?"

मी जाळात तुराटी सारली. मीच लिहिलं होतं. तेवढ्यात रांगेतली एक मोमीन बाई पुढं झाली. "भय्या, आमच्या लाह्या होऊ द्या, मंग न्या हिला." मागनं दुसरी म्हणाली, "आमच्या बी!" दादा चरफडत ओट्यावर बसला. अम्मानं डाव्या हातानं त्याच्यापुढं पाटीत लाह्या आणि गूळ ठेवला. थोड्या वेळानं पाहिलं तर पाटी रिकामी, आणि दादा इकडं तिकडं बघत होता, आणखी कशा मागाव्या या विचारात.

मालक कचेरीतून आले तेव्हा दादा त्यांच्यावर उखडला. "तुमी तरी लिवलं कसं? बायकू म्हणती परत धाडू नका, आन तुमी ते साफ अक्षरात लिवता?"

"अर्ज तिचा होता," मालक म्हणाले. "लोक मला सांगतेत ते मी बदलायला लागलो तर कोण इस्वास ठेवील? आन घरात बदललं तर भाईर न्हाई बदलणार, असं कसं?" मग आवाज उतरला. "लई जड गेलं पण."

हे ते माझ्याकडं बघून बोलले नाहीत. मी कढईत उलथणं फिरवत राहिले. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली, आणि ती लपवायला मी अम्मावर उगीचच खेकसले, तुराट्या संपल्यात म्हणून.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दादाबरोबर गाडीत बसले. सण होता, जायलाच हवं होतं. मालकांनी गाडीत घोंगडी टाकली आणि विचारलं, "आणखी काही?" मी नाही म्हणून मान हलवली. एवढं होऊनही परत येते म्हणून माझ्या तोंडून निघालं नाही.

माहेरी आईनं माझ्यासाठी मधली खोली सारवून ठेवली होती. वलणीवर माझी जुनी वाकळ, कोनाड्यात नवी फणी. परत धाडायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पंचमीला झोका खेळले, फेर धरला, पुरणाची दिंडं खाल्ली. तिसऱ्या दिवशी आई चुलीपुढं भाकरी थापत होती आणि मी पलीकडं भाजी निवडत होते. म्हणाली, "दादाला सांगितलंय, येत्या बाजाराला तुला दोन लुगडी आणायला. आता इथंच राहायचं तर लागतील."

मी म्हटलं, "नको आई. मला घरी जायचंय."

बोलून गेले आणि तो 'घरी' मलाच ऐकू आला. आईचा हात परातीत थांबला. माझ्या लग्नात पाठवणी करताना सगळ्या बायका रडल्या होत्या, एकटी आई नव्हती रडली. तेव्हा ती पाहुण्यांच्या पंगतीचं बघत होती. ती आत्ता रडली. पीठ लागलेल्या हातानं तिनं डोळे पुसले, तव्यावरची भाकरी उलटली आणि दादाला हाक मारून गाडी जुंपायला सांगितली.