मोडक्या सुईचं टोक

माढ्यातनं एसटीत बसले ती पिशवीत भाकरी आन् मनात एकच घोर घिऊन. सून सुनीता सोलापुरात टॉवेल शिवायच्या कारखान्यात हाय. तिचा हात मोडला. आठ दिस बदलीवर कुणी बसलं न्हाय तर जागा जाणार व्हती. मी बी तसल्याच कारखान्यात बारा वर्सं काढल्याली, म्हणून निगाले.

शुक्रवार पेठंत उतरले. सुनीताच्या खोलीवर जायाआदी बोळातल्या दुकानात मशीनच्या सुयांची पुडी घितली.

"मावशी, ह्या वयात मशीन?" दुकानदार म्हणला.

"डोळं चांगलं हायत की. पुडीत एक सुई कमी हाय, ती बी दिसती."

त्यानं हसत एक सुई घातली.

सुनीतानं डाव्या हातानं शेंगाची चटणी वाढली. "आत्या, तितं सुया न्याव्या लागत न्हायत."

मी ऐकलं न्हाय, पुडी अंबाड्यात खोवली. आमच्या वक्ताला सुई मोडली की मुकादम दिसभर उनात उबं करायचा. म्हणून बाया आपापल्या सुया अंबाड्यात लपवून न्यायच्या, मोडली की गुपचूप नवी घालायच्या. मग परदेशातनं माल माघारी आला, टॉवेलात सुयांचं तुकडं निगालं म्हणून. कारखाना बंद पडला. चार वर्सं मी लोकांच्या रानात खुरपत फिरले.

हा कारखाना गावाभाईर. टॉवेलांचं ढीग, सुताचा वास. देखरेखीला पद्मा, घरी तेलुगू बोलणारी. मला अक्का (थोरली बहीण) म्हणायची.

तिसऱ्या दिशी सुई मोडली. हात आपसूक अंबाड्याकडं गेला. नवी घातली. दोन तुकडं घावलं, टोक न्हाय. तवर माझा गठ्ठा बांधणीला गेला. भाईर गाडी उबी, माल जहाजावर जायचा.

बोलावं तर सुनीताची जागा जाती. न बोलावं तर तिकडं कुणीतरी न्हालेलं लेकरू त्याच टॉवेलानं पुसणार.

उटले. "पद्मा, सुई मोडली. टोक टॉवेलात गेलंय."

तिनं मशीनी बंद केल्या, गाडी थांबवली. समद्या बाया लोहचुंबक घिऊन ढिगाला भिडल्या.

"आजी, बसून पाय आकडलं व्हतं, बरं उटवलंत," शेजारची रेश्मा म्हणली.

दुपार कलली तवा टोक एका टॉवेलाच्या दुमडीत घावलं. पद्मानं तिन्ही तुकडं जुळवून वहीत चिकटवलं, म्होरं माजं नाव लिवलं. मग अंबाड्याकडं बगितलं.

"अक्का, ती पुडी द्या. हितं सुई मागायची, मोडली की सांगायचं."

"मालक वरडंल की."

"गाडी मी थांबवली. वरडला तर माज्यावर वरडंल. तुमी च्या घ्या."

आठ दिस भरलं. सुनीता स्टँडवर सोडाया आली. "जागा ऱ्हायली, आत्या," म्हणली, आन् माज्या पिशवीत चटणीचा डबा कोंबला.

गाडी हालली. मला ती वही आठवत व्हती. पानापानावर बायांची नावं, कुणाचं दोनदा, कुणाचं चारदा. समद्या अजून कामावर हायत. आमच्या कारखान्यात तसली वही नव्हती. सुया तेवड्याच मोडायच्या.