मलिककाकांच्या भुवया

पिपालुकचा मेसेज आला तेव्हा मी ड्युटी संपवून बसस्टॉपवर उभी होते, आणि बस नेहमीप्रमाणे रद्द झाली होती. ‘बाबा काल गेले. घरीच. खिडकीतून समुद्र दिसत होता.’ एवढंच. डोळे भरून यायला हवे होते, पण खरं सांगते, आधी आला तो संताप. घरी जाऊन त्यांना पुरता आठवडाही मिळाला नाही. तीन महिने आम्ही त्या माणसाला अडकवून ठेवलं, आणि घरी मिळाले ते जेमतेम मोजके दिवस... शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, “यू ऑलराइट, लव्ह?” मी म्हटलं, “बसवर चिडलेय.” दुसरं काय सांगणार?

मी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या गावात नर्स आहे. मूळची रत्नागिरीची. माझ्या मैत्रिणी लंडनकडे, स्लाऊला, एजवेअरला राहतात, त्यांना कोथिंबिरीपासून मोदकाच्या साच्यापर्यंत सगळं कोपऱ्यावर मिळतं आणि भांडायलाही मराठी माणूस मिळतो. इथे मराठी बोलायचं तर फोनवर आईशी. त्यामुळे एका सकाळी ड्युटी बदलतानाच्या हँडओव्हरला “बेड सहा, मिस्टर मलिक, तुझ्याकडचेच दिसतात” असं ऐकलं तेव्हा मला जरा बरंच वाटलं. जाऊन बघते तर साठीतले एक गृहस्थ, रुंद चेहरा, वाऱ्याने रापलेले गाल, नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि समोर हलाल चिकन करीचा ट्रे, न शिवलेला. फोनच्या स्पीकरवर उर्दू दुभाषी बाई चौथ्यांदा “जनाब, आप सुन रहे हैं?” विचारत होत्या. जनाब छताकडे बघत होते.

नावावरून कुणीतरी ठरवून टाकलं होतं की ते पाकिस्तानी आहेत. ते होते ग्रीनलंडचे इनुइट, तिथले मूळ रहिवासी. मलिक म्हणजे त्यांच्या भाषेत लाट. मासेमारीच्या एका मोठ्या जहाजावर काम करायचे. जहाज दुरुस्तीसाठी आमच्या बंदरात आलं, तिथे काकांच्या खोकल्यातून रक्त पडलं, आणि ॲम्ब्युलन्सने त्यांना आमच्या छातीच्या वॉर्डात आणलं. फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, बराच पसरलेला. जहाज दुरुस्त होऊन निघून गेलं. काका राहिले. वयाने माझ्या वडिलांएवढे, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात काकाच म्हणायला लागले, आणि मग तोंडानेही.

उर्दूची चूक कळल्यावर सगळे ओशाळले आणि डॅनिश दुभाषी आणला. ग्रीनलंडचा कारभार डेन्मार्कशी जोडलेला, म्हणजे डॅनिश येणारच, असा हिशोब. काकांना शाळेत शिकलेलं थोडं डॅनिश येत होतं, पण ते त्यांच्या दृष्टीने साहेबांची भाषा. साहेब बोलला की “हो” म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. डॉक्टरांनी विचारलं, आजार समजला? हो. तपासणी करू? हो. काही शंका? त्यालाही हो! डॉक्टर खूश होऊन पुढच्या बेडकडे गेले. मी आमच्या वॉर्ड मॅनेजर फिओनाला म्हटलं, “यांना काहीएक कळलेलं नाही.” फिओना वाईट बाई नाही, उलट फार कष्टाळू आहे, पण नियम म्हटला की तिची मान ताठ होते. ती म्हणाली, “दुभाषी होता ना? मग आपलं काम आपण केलं.”

इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, मराठीही कळत नव्हतं. मग मी विचार केला, दोन्ही सारखंच, तर मी आपलं मराठीच का बोलू नये? अंग पुसताना, गोळ्या देताना मी त्यांना बसचं, पावसाचं, फिओनाचं गाऱ्हाणं सांगायचे. ते लक्ष देऊन ऐकायचे. त्यांची तक्रार एकच होती, ती मात्र हातवाऱ्यांनीही समजायची: उकाडा. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, मी स्वेटरवर स्वेटर घालून कामावर यायचे, आणि हे अंगावरचं पांघरूण लाथेने खाली ढकलून खिडकीकडे बोट दाखवायचे. ती खिडकी चार बोटं उघडायची, त्यापुढे नाही. सुरक्षेचा नियम. ते त्या फटीत पंजा घालून बसायचे, नुसता वारा लागावा म्हणून.

आणि जेवण... उकडलेला बटाटा, पांढरा पाव, करी, कस्टर्ड. शुक्रवारी फिश अँड चिप्स आले तेव्हा मला वाटलं, चला, एकदाचं. काकांनी माशावरचं आवरण खरवडून काढलं, आतला पांढरा लगदा हुंगला आणि ट्रे बाजूला सारला. आहाराच्या तक्त्यावर कुणीतरी लिहिलं, ‘मासे आवडत नाहीत.’ आयुष्यभर समुद्रावर जगलेल्या माणसाबद्दल! मी घरी येऊन आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, तुझ्याकडे मी दिलेले सुके बोंबील आहेत ना? भाजून ने. नुसते देऊ नकोस, दातांना लागतात.” मी भाजून नेले. डबा उघडल्याबरोबर काका उठून बसले. एक बोंबील नाकाजवळ धरला, मग डोळे मिटून चावत राहिले. पलीकडच्या बेडवरच्या गृहस्थांनी बेल दाबून गॅस गळतीची तक्रार केली, तो भाग वेगळा. फिओनाने मला ऑफिसात बोलावून बाहेरच्या अन्नाचा नियम समजावला. मी विचारलं, “त्यांचं वजन किती उतरलंय ते बघितलंस?” तिने तक्ता उघडून बघितला. मग हळूच म्हणाली, “झाकण घट्ट असलेल्या डब्यात आण.”

त्यांची मुलगी पिपालुक ग्रीनलंडच्या राजधानीत शिक्षिका आहे. तिचा नंबर आमच्याकडे नव्हताच, जहाजाच्या कंपनीचा होता, आणि कंपनी ‘कळवतो’ म्हणत होती. शेवटी काकांच्या मोबाइलवर तिचाच व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिथे होते. तिचं इंग्रजी उत्तम. मी बेडच्या बाजूला सरकले आणि ते बोलू लागले... तसं बोलणं मी तोवर त्यांच्या तोंडून ऐकलंच नव्हतं. घोगरं, भरभर, मधेच हसू, मधेच खोकला. आमच्या नोंदींत रोज लिहिलेलं असायचं: अबोल, अलिप्त, प्रतिसाद कमी. पिपालुक हसून मला म्हणाली, “बाबा म्हणतायत, तुम्ही फार तक्रारी करता. काय ते कळत नाही, पण सूर ओळखीचा आहे. माझी आजी अशीच होती.”

मग मी तिला विचारलं, “त्यांना दुखतं का हो? आम्ही रोज खुणेने विचारतो, ते काहीच सांगत नाहीत.” तिने त्यांना विचारलं. काकांनी दोन्ही भुवया वर उचलल्या. बस्स, तेवढंच. पिपालुकचा चेहरा उतरला. “हो म्हणाले ना! खूप दुखतंय.”

“कधी म्हणाले?”

“आत्ता. भुवया वर केल्या म्हणजे हो. नाक आक्रसलं म्हणजे नाही. आमच्याकडे सगळे असंच बोलतात. तुम्हाला माहीत नव्हतं?”

किती दिवस हा माणूस आम्हाला भुवया उंचावून ‘हो, दुखतंय’ सांगत होता आणि आम्ही लिहीत होतो, ‘वेदना नाकारतात.’ आणि मी? जिच्या मान हलवण्याचा अर्थ हो की नाही हे इथल्या लोकांना अजून उमगत नाही, ती मीसुद्धा त्यांच्या तोंडाकडे शब्दांची वाट बघत उभी राहायची. मी तशीच जाऊन डॉक्टरांना गाठलं. मॉर्फिन सुरू झालं, आणि त्या दुपारी काका पहिल्यांदा गाढ झोपले. फिओना म्हणाली, “पण नातेवाइकांकडून भाषांतर करून घ्यायचं नसतं.” तेव्हा मात्र मी मराठीतच एक शब्द उच्चारला, तो इथे छापता येणार नाही. तिने अर्थ विचारला नाही. संध्याकाळी काकांच्या बेडमागे तिनेच एक कागद चिकटवला: भुवया वर, हो, नाक आक्रसलं, नाही.

त्यांना घरी जायचं होतं. त्याबद्दल भुवयांचीही गरज नव्हती. विमान कोपनहेगनवरून, सोबत ऑक्सिजन, एक नर्स, तिकडच्या हॉस्पिटलचा होकार. प्रत्येक वेळी एक जण तयार असला की दुसरा नसायचा. डॉक्टरांचा प्रवासाचा दाखला आला की ऑक्सिजनची परवानगी नाही, ती आली की दाखल्याची मुदत संपलेली. दर आठवड्याला आम्ही पिपालुकला सांगायचो, “पुढच्या आठवड्यात नक्की,” म्हणून ती तिकडेच थांबायची. शेवटी तिचाच धीर सुटला. एका सकाळी वॉर्डाच्या दाराशी भलं मोठं जाकीट घातलेली बाई उभी राहिली आणि म्हणाली, “मी त्यांना न्यायला आलेय. विमान मी बघते, तुम्ही फक्त सह्या करा.”

ती आली आणि वॉर्डाला कळलं की बेड सहामधला अबोल पेशंट नकला करतो. फिओनाची चाल, डॉक्टरांचं घड्याळ बघणं, माझं कमरेवर हात ठेवणं. पिपालुक अर्थ सांगायची आणि सफाईवाल्या बाईंपासून सगळे पोट धरून हसायचे. गॅसची तक्रार करणारे गृहस्थही. मी हसले, आणि मग चादरींच्या खोलीत जाऊन रागाने रडले. हा माणूस पहिल्या दिवसापासून इथेच होता हो! निघताना त्यांनी माझा हात धरून बरंच काही सांगितलं. पिपालुकने भाषांतर करायला तोंड उघडलं, तर त्यांनी नाक आक्रसलं. नको. मलाही तो अर्थ नकोच होता.

त्या मेसेजनंतरही पिपालुक मधूनमधून फोन करते. परवा केला तो त्यांच्या गावातून. तिच्या मांडीवर शेजाऱ्यांची नवी मुलगी होती, काका गेल्यानंतर गावात जन्मलेलं पहिलं बाळ. म्हणून तिचं नाव मलिक. त्यांच्याकडे नावाबरोबर माणूसही येतो, मुलगा-मुलगी असा भेद नसतो, त्यामुळे पिपालुक त्या चिमुरडीला सरळ ‘बाबा’ म्हणते. जे सांगायचं राहून गेलं ते सांगायला लोक येतात. काकांचा एक जुना मित्र एका बोटीच्या वादावरून भांडून कित्येक वर्षं बोलत नव्हता, तो ताजा मासा घेऊन आला, बाळाजवळ बसला आणि चूक कबूल करून गेला.

“बाबांनी सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं,” पिपालुक म्हणाली. “जन्मात पहिल्यांदा.”

तेवढ्यात बाळाने असं भोकाड पसरलं की माझ्या हातातला फोन थरथरला. मागे कुणीतरी हसलं. पिपालुकने तिला खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “झालं... आता बाबा थांबायचे नाहीत.”