फाटक्या कानाच्या माद्या

ज्या दुपारी माझ्या जुन्या मॅनेजरांच्या नव्या कंपनीची फाइल माझ्याकडे आली, त्या दुपारी मी ऑफिसखालच्या हॉकर सेंटरमध्ये, इथल्या खाऊगल्लीत, एकटीने भरपेट जेवले. मी रोज डबा खाणारी बाई. त्या दिवशी डबा बॅगेतच राहू दिला. नारळाच्या रश्शातल्या शेवयांचा तिखटजाळ लक्सा घेतला, वर गोड म्हणून रंगीत पाक घातलेल्या बर्फाचं आइस कचांग घेतलं, आणि अर्धं संपल्यावर लक्षात आलं की मी मघापासून हसते आहे. समोर बसलेले चिनी आजोबा माझ्याकडे बघून हसले. बाईला काहीतरी चांगली बातमी कळली आहे असं त्यांना वाटलं असणार. कळलीच होती.

मी जनावरांची डॉक्टर. मुंबईत असताना गाई-म्हशींमध्ये काम केलं. नवऱ्याला परदेशात, जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इथे आले, आणि इथे कुठल्या म्हशी! बरेच महिने घरी काढल्यावर हार्बरफ्रंटच्या एका कंपनीत काम मिळालं. कंपनी एल्कची कोवळी शिंगं आयात करायची. एल्क म्हणजे घोड्याएवढं थोराड हरीण. थंड देशांत त्यांची फार्म असतात. नरांची शिंगं मखमली असतानाच कापतात, वाळवतात, आणि त्यांच्या पातळ चकत्या इथल्या चिनी औषधांच्या दुकानांत काचेच्या बरण्यांतून विकल्या जातात. ज्या कळपांकडून माल येतो ते निरोगी आहेत ना, हे बघायला कंपनीला माणूस हवं होतं.

तिथले मॅनेजर पुण्याचे होते. मी त्यांना सर म्हणायचे. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "चला, आपल्यातलं कोणीतरी आलं. या लोकांशी दिवसभर इंग्रजी बोलून जबडा दुखतो." त्यांच्या बायकोने, वहिनींनी, आम्हाला घरी जेवायला बोलावलं. पुरणपोळी केली होती. मी खूश झाले.

काम समजायला सोपं होतं. हरणांना एक रोग होतो. जनावर हळूहळू झिजत जातं, मान खाली घालून लाळ गाळत उभं राहतं आणि शेवटी मरतं. त्याला औषध नाही, लस नाही. धडधाकट दिसणाऱ्या जनावरातही हा रोग दीर्घकाळ लपून राहू शकतो, आणि खात्रीची तपासणी होते ती मेल्यावरच. मेंदूच्या देठाचा तुकडा आणि घशातल्या गाठी काढून प्रयोगशाळेत पाठवाव्या लागतात. म्हणून कळपांना प्रमाणपत्र देण्याची पद्धत आहे. फार्मवर मेलेलं प्रत्येक मोठं जनावर तपासायचं, सगळ्यांच्या कानात बिल्ले ठेवायचे, बाहेरून जनावर आणायचं तर ते आपल्याइतक्याच चांगल्या कळपातून आणायचं. अशी वर्षं गेली की कळपाचा दर्जा चढत जातो. खालच्या दर्जाचं एक जरी जनावर आत घेतलं, तर अख्खा कळप त्याच्याबरोबर खाली येतो.

आमच्या एका फार्मवर हिवाळ्यात एल्क मेले आणि त्यांची डोकी तपासणीला न पाठवता पुरून टाकली, हे मला तिथल्या माणसाशी बोलताना कळलं. मी लगेच सरांच्या केबिनमध्ये गेले.

"ईमेल टाकते सगळ्यांना," मी म्हटलं.

"लिहू नकोस," ते म्हणाले. "लिहिलं की वाढतं. तू मला सांगितलंस ना? झालं तर. मी मालकीणबाईंशी बोलतो. आपल्या माणसावर विश्वास आहे की नाही?"

मी विश्वास ठेवला. माल निघाला. बंदरावर पोचल्यावर कागद पुन्हा तपासले गेले, मेलेल्या जनावरांचा प्रश्न निघाला आणि सगळा माल परत गेला. मालकीणबाईंनी आम्हाला बोलावलं. त्या वयस्कर, कमी बोलणाऱ्या चिनी बाई होत्या आणि माझ्यावर त्यांची माया होती. त्यांनी विचारलं, "हे कोणाला माहीत होतं?"

सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "मॅडम, मला यातलं काहीच सांगितलं गेलं नाही. शेवटी ती गुरांची डॉक्टर आहे. एल्कचा अनुभव नाही. चूक माझीच, मी तिला घेतलं."

मी तोंड उघडलं, पण दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. मी बोलत राहिले आणि माझं मलाच ऐकू येत होतं की मी खोटं बोलणाऱ्या माणसासारखी अडखळते आहे. त्याच आठवड्यात मला काढलं आणि माझा इथे काम करायचा पास रद्द झाला.

नोकरी गेल्याचं दुःख मी गिळलं असतं. पण पुढच्या संक्रांतीला एका कॉन्डोत हळदीकुंकवाला गेले, तर एक बाई माझ्या हातावर तिळगूळ ठेवताना म्हणाल्या, "अगं, तुझ्याकडून फार मोठी चूक झाली म्हणे. होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस." वहिनी बाजूलाच उभ्या होत्या. त्यांनी नजर चुकवली आणि वाणाच्या वाट्या नीट लावायला घेतल्या. सगळ्या खोलीला माहीत होतं. प्रत्येकीला सरांची बाजू सांगून झाली होती. तेव्हापासून त्या माणसाचं वाईट व्हावं, आणि ते माझ्या हातून व्हावं, एवढी एकच इच्छा मी जपली. भाजी चिरताना, मुलीची वेणी घालताना, एमआरटीच्या मेट्रोत उभी असताना मी त्यांना मनात हजार वेळा त्या टेबलासमोर उभं केलं.

पुढे मला एका छोट्या फर्ममध्ये काम मिळालं. माल घेणाऱ्यांच्या वतीने आम्ही परदेशातले कळप पडताळून बघतो. एव्हाना सरही जुनी कंपनी सोडून एका नव्या कंपनीत भागीदार झाले होते. त्यांनी वरच्या दर्जाचा एक एल्कचा कळप करार करून बांधून घेतला होता आणि एक मोठा ग्राहक आमच्याकडून पडताळणी करून मागत होता. ती फाइल माझ्यासमोर आली.

मी ती घेऊन आमच्या सिनियरकडे गेले. ते तमिळ गृहस्थ, निवृत्तीला आलेले, शांत.

"हा माणूस माझ्या ओळखीचा आहे," मी त्यांना सांगितलं. "त्याने माझं नुकसान केलंय. मला तो आवडत नाही."

"किती आवडत नाही?"

"खूप."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "जे दिसेल तेच लिहिशील?"

"तेच लिहीन."

"मग तूच कर. मी प्रत्येक ओळ वाचणार आहे."

मला खोटं लिहायची गरजच नव्हती. मी त्या माणसाला ओळखत होते. कुठे ना कुठे त्यांनी वाट वाकडी केली असणारच, आणि ती जागा सापडेपर्यंत मी उठणार नव्हते.

पडताळणी त्यांच्या ऑफिसात होती. मी आत शिरले तेव्हा ते क्षणभर गोठले, मग दोन्ही हात पसरून उभे राहिले. "अरे वा! आम्ही जुने मित्र," त्यांनी ग्राहकाच्या माणसाला इंग्रजीत सांगितलं.

"आम्ही एकत्र काम केलं आहे," मी म्हणाले आणि लॅपटॉप उघडला.

व्हिडिओ कॉलवर फार्मचा मॅनेजर होता, जाड कोट घातलेला, हातात फोन. मागे उंच जाळीचं कुंपण आणि करडं आकाश. जनावरं एका अरुंद गल्लीतून एकेक करून पुढे येत होती आणि तो कानातला बिल्ला दाखवून नंबर वाचत होता. सगळं जुळत होतं. सर खुर्चीत रेलून बसले होते. ग्राहकाचा माणूस फोनवर मेसेज बघत होता. मी मात्र बिल्ल्यांकडे बघतच नव्हते. मी कान बघत होते.

"थांबा," मी म्हटलं. "ही मादी. फोन कानाजवळ न्या."

बिल्ला नवा, पिवळाधमक. त्याच्या वर कानाला एक जुनी चीर होती. बरी झालेली, कडेला केस उगवलेली.

"कुंपणात अडकून बिल्ला कधीकधी ओढला जातो," मॅनेजर म्हणाला.

"जातो," मी म्हणाले. "दुसरा कान दाखवा."

दुसऱ्या कानाला तशीच चीर, त्याच जागी. मग मागची मादी. मग तिच्या मागची. नर सगळे अखंड कानांचे, माद्यांतल्या काही मात्र दोन्ही कान फाटलेल्या.

"एवढ्या माद्या," मी विचारलं, "दोन्ही कानांनी, एकाच ठिकाणी, कुंपणात अडकल्या?"

ग्राहकाच्या माणसाने फोन खाली ठेवला. मॅनेजर म्हणाला, "ते तुमच्या समोर बसलेल्या साहेबांना विचारा. माद्या त्यांनी पाठवल्या. बिल्ले बदलायचं त्यांनीच सांगितलं."

मी सरांकडे वळले. मला त्यांचा चेहरा बघायचा होता आणि मी तो नीट, सावकाश बघितला. कपाळ घामेजलं होतं. एसीत.

"याचा खुलासा आहे," ते म्हणाले.

"लेखी द्या, सर," मी मराठीत म्हणाले. "लिहिलेलं बरं असतं."

दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, मुलगी सायकल फिरवून वर आली. "मम्मा, एक अंकल खाली बसलाय. तुला विचारतोय. लुक्स व्हेरी सॅड लाह." आम्ही यिशुनला राहतो. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबलापाशी सर बसले होते. हातात मिठाईचा डबा. मी बसले नाही.

"तुम्ही कशा आहात?" त्यांनी विचारलं. कायम मला अगं-तुगं करणारा माणूस.

"बोला."

"मला चार लोक जाब विचारतायत. भागीदार बाहेर काढायला निघालेत. माद्या निरोगी आहेत हो. शप्पथ. फक्त त्यांचा कळप नवीन होता, दर्जा चढायला वर्षं लागली असती. तुम्ही रिपोर्टमध्ये एवढंच लिहा की चिरा कशाने पडल्या ते सांगता येत नाही. खोटंही नाही त्यात."

"मॅनेजरने सांगितलं की."

"तो नोकर माणूस. त्याला काय कळतं."

हे ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. शब्द वेगळे, पण सूर तोच. पुन्हा कोणाच्या तरी गळ्यात बांधून मोकळं व्हायचं.

"एक काम करा," मी म्हणाले. "जुन्या मालकीणबाई अजून ऑफिसला जातात. त्यांच्याकडे जा आणि सांगा की हिने मला सगळं सांगितलं होतं. एवढं एकच वाक्य."

ते विचारात पडले. खरोखर हिशेब मांडत होते. "त्याने माझी फाइल पास होईल?"

"नाही."

"मग मी कशाला जाऊ?"

त्या क्षणी माझ्या मनात उरलासुरला जो काही संकोच होता तो संपला. "मिठाई घेऊन जा," मी म्हणाले. "वहिनींना माझा नमस्कार सांगा." आणि लिफ्टकडे चालू लागले. ते मागून काहीतरी बोलले. मी ऐकलं नाही.

रिपोर्ट गेला. त्यात एकही विशेषण नव्हतं. सिनियरनी प्रत्येक ओळ वाचली आणि एक स्वल्पविराम बदलला. तिकडच्या सरकारी डॉक्टरांनी चौकशी केली, माद्या खालच्या दर्जाच्या कळपातल्या निघाल्या, आणि इतकी वर्षं वाढवलेला दर्जा एका पत्रासरशी खाली आला. ग्राहकाने हात काढून घेतला. जिवंत जनावरात खात्री करता येत नाही, म्हणून त्या फाटक्या कानाच्या माद्या मारून तपासायचं ठरलं.

तपासणीचा निकाल यायचा होता, ते दिवस मला अजून आठवतात. मी जनावरांची डॉक्टर. रोग नसावा असं वाटणं हा माझा धंदा. पण मला रोग हवा होता. कळपभर नको, एका मादीत तरी. म्हणजे त्या माणसाचं नाव कायमचं काळं झालं असतं. निकाल आला तेव्हा सगळ्या माद्या स्वच्छ होत्या. मी पडद्याकडे बघत बसले आणि मला चक्क राग आला. मग त्या माद्यांचे कान डोळ्यांसमोर आले, आणि रागाचं काय करावं ते कळेना. त्या निरोगी होत्या, आणि मेल्या होत्या. बिल्ले त्यांनी थोडेच बदलले होते?

सरांना भागीदारांनी काढलं. काही महिन्यांत ते पुण्याला परत गेले. मालकीणबाईंकडे ते गेले नाहीतच. शेवटी मीच गेले. त्यांनी चहा मागवला, माझं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "मला तेव्हाच वाटलं होतं."

"मग मला का काढलंत?"

"तो ठामपणे बोलला," त्या म्हणाल्या. "तू अडखळत होतीस."

मी चहा अर्धाच ठेवून उठले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो जुरोंगच्या बसमधून नुकताच उतरून आला होता, बूट सोडत होता.

"आता या बाईंच्या मागे लागणार आहेस का?" त्याने विचारलं.

"अजून ठरवलं नाही," मी म्हणाले, आणि कुकर लावायला उठले.