बहनजीनं रोवलेलं धान

बाबा गोंदियाच्या राइस मिलमध्ये पोती वाहायचे. एकदा पोत्यांची थप्पी अंगावर आली आणि त्यांची कंबर गेली. ते खाटेवर, घर मायच्या अंगावर. राजेगावजवळ आमची एवढीशी बांधी, धानाचं शेत. ती रोवायला शेजारच्या बायका यायच्या आणि मग आम्ही त्यांच्या बांधीत जाऊन फेड करायची. माणसाला माणूस, अशीच रीत. बाबा पडल्यावर मायसोबत फेडीला मी जाऊ लागले. मी नववीत होते.

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, लागला की आमच्याकडे वर्गातले पोरींचे बाक रिकामे होतात. पोरं मात्र शाळेत. याचा कोणाला राग येत नाही. मला अजून येतो.

हेडमास्तरांनी निरोप धाडला, पोरगी आली नाही तर नाव कापू. शेजारची काकू म्हणाली, "कापू दे ना. पोरीच्या जातीले शिकून काय कलेक्टर व्हायचं हाय?"

दुसऱ्या दिवशी गणिताची बहनजी सरळ आमच्या बांधीच्या धुऱ्यावर, बांधावर येऊन उभी राहिली. ती ख्रिस्ती, बालाघाटची, बसनं यायची.

"पोरीले शाळेत धाडा," ती मायला म्हणाली.

"अन् हिची फेड कोण करन, बहनजी? तुमी करता काय?"

बायका खिदळल्या.

"हौ, करतो. इतवारी."

आणि आली. चर्चमधली प्रार्थना आटोपून, रविवारच्या रविवार, पदर खोचून चिखलात. पहिल्या दिवशी काकू ओरडली, "बहनजी, हे रांग हाय का साप?"

"गणितात रेघ सरळ काढतो ना, काकू. इथं तुमी शिकवा."

सगळ्या हसल्या, तीही. मग चहा आला. बायकांना स्टीलचे गिलास. बहनजीला वळचणीत खोचून ठेवलेला, कान तुटलेला कप. फक्त तिच्यासाठी ठेवलेला. माझ्या मायनंच ठेवलेला. ती त्यातूनच प्यायची, कप स्वतः विसळायची आणि पुन्हा वळचणीत खोचायची. आपली जागा तिला कोणी सांगितली नव्हती. पहिल्याच दिवशी समजली होती.

वर काकू गावभर सांगत फिरायची, "पोरीले बाटवून राह्यली ते!" काय बाटवलं? वर्गमूळ शिकवलं, बीजगणित शिकवलं. तिनं रोवलेलं धान घरोघरी गेलं. त्याचा भात सगळ्यांनी ओरपला, तेव्हा एकही जण बाटला नाही. तिच्या ओठांचा कप तेवढा चालत नव्हता.

मी दहावी पास झाल्यावर गावानं सत्काराचा मंडप टाकला. तिला आवतणसुद्धा नव्हतं. मी विचारलं तर उत्तर आलं, "ते कुठं आपल्या गावची हाय?" भाषणात सरपंच म्हणाले, "हे आपल्या गावाचे संस्कार."

मी माइक घेतला. "गावाचे संस्कार मले ठाऊक हायेत," मी म्हटलं. "आमच्या वळचणीत खोचले हायेत. कोणाले पाहायचे असन तं घरी या."

शाल घेतली नाही. माय खाली मान घालून बसली होती. घरी आल्यावर तिनं तो कप काढला, घासला आणि फळीवर आमच्या गिलासांत ठेवला. माझा राग त्यानं गेला नाही.

माझं नाव कापलं गेलं नाही. मी बालाघाटच्या कॉलेजातून गणित घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर.