नानाच्या अंगणातला नारळ

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर हा कागद चिकटवतोय, कारण आज सकाळपासून माझा जीव जळतोय.

शेजारच्या रघुनानाने अंगणात सिमेंटचा कोबा केला, तेव्हापासून सगळी आळी सुपारी वाळवायला त्याच्याकडे जाऊ लागली. मला ते बघवेना. परमिटचं सिमेंट मिळवून मीही कोबा केला, त्याच्याहून मोठा. नानाने भिंतीलगत हातभर पट्टी वाळूची ठेवली होती. मी तिला हसलो आणि माझा कोबा थेट घराच्या जोत्याला भिडवला.

आज माझ्या अंगणात सुका नारळ पडला. आवाज आला 'ढब्'. थोड्या वेळाने नानाकडे पडला, तर 'ठण्'! माझे कान तिखट. मी नारळ उचलून पुन्हा आपटला. पुन्हा ढब्.

नाना कुंपणावरून वाकला. "शेट, पावसानं कोब्याखालची वाळू गेली हाय, आत पोकळ झालंय म्हणून ढब् वाजतंय. कोबा घराकडं कललाय, जोत्याला रेटतोय. ती बघा चीर."

"मग काय करू?"

"भिंतीलगतचा हातभर फोडा, वाळू ठोकून भरा, पान्याला उतार बाहेर द्या. अंगण मिरवायचं हाय का घर राखायचं हाय?"

घर माझ्या कमाईचं. मी पहार घेतली. पहिला घाव घातला आणि आतून बायको आनंदाने म्हणाली, "बरं झालं बाई! आता आपलं अंगण अगदी नानांसारखं दिसेल."

जोतं वाचेल, मंडळी. पण खरं सांगा, शेजाऱ्याचा नारळ आपल्यापेक्षा खणखणीत वाजला, तर तुम्हाला झोप लागते का?