आकडीवरच्या तीन खाचा

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. पण मी अंगठा देत नाही, सही करतो. खालची रेघ एका दमात ओढतो, पेन उचलत नाही. आमच्या वाडीत माझ्या वयाचे जे उरलेत त्यांच्यात सही करणारा मी एकटाच. त्याचा मला फार ताठा होता. तो कसा उतरला ते लिहून ठेवतो.

माझा धाकटा भाऊ घर सोडून गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. बैलजोडी विकायची की नाही यावरून आम्ही भांडलो होतो. भात झोडून झालं होतं. तो भाकरी अर्धी टाकून उठला, कमरेला कोयता लावला आणि टोकावड्याच्या फाट्याकडे चालू लागला. मी हाक मारली नाही. थोरल्या भावानं का हाक मारायची? येईल संध्याकाळी, म्हटलं. आला नाही.

त्याची बायको, माझी भावजय, आमच्याच घरात राहिली. रोज कुंकू लावते. गेल्या वर्षी ती आजारी पडली, चार महिने अंथरुणाला होती. एकदा मी तिच्याजवळ बसलो होतो, तेव्हा तिनं पेटीकडे बोट दाखवलं.

"दादा, तिच्यात हिरवं लुगडं हाय. मी मेले तर त्ये नेसवायचं का नाय?"

"आता कशाला हा विषय गो?"

"आता नाय तर कवा? सवाशीण जाणार का रांड, येवढं तरी मला कळाया पायजे. तुमी तर सही करता, कचेऱ्या फिरता. विचारा की कोनाला."

तिला वाटत होतं की मला काहीच ठाऊक नाही. खरं म्हणजे एक गोष्ट मला ठाऊक होती आणि ती मी कोणालाच सांगितली नव्हती.

भाऊ गेल्यावर वर्षभरानं मला एका ठाण्यावरून बोलावणं आलं होतं. कुठलं ठाणं ते लिहीत नाही. उंबरमाळीच्या बाजूला जंगलात एक प्रेत सापडलं होतं. मी घरी बाजाराला जातो म्हणून सांगितलं आणि गेलो. हवालदारानं टेबलावर फोटो ठेवला. मी फोटोवर नजर टाकली आणि लगेच काढली. जे दिसलं त्याला तोंड म्हणता येत नव्हतं.

"बघा काका, नीट बघा. तुमचा भाऊ हाय का?"

"नाय वाटत. आमचा यवढा बारीक नव्हता."

"वस्तू आतल्या खोलीत हायेत. दाखवू?"

"नको. तो नव्हंच, तर वस्तू बघून काय करू?"

त्यानं भराभर लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी काही बोलायच्या आत शाईचं पॅड पुढं केलं. मला राग आला. "अंगठेबहाद्दर दिसतो का मी? पेन द्या," म्हटलं. माझ्याआधी एक म्हातारी अंगठा देऊन गेली होती. तिला त्यानं अख्खा जबाब मोठ्यानं वाचून दाखवला होता, कारण अंगठा घेतला की वाचून दाखवावा लागतो. मला नाही वाचून दाखवला. मी सही करणारा माणूस. ते घाईचं अक्षर मला वाचता येत नव्हतं, पण येत नाही असं मी म्हणणार थोडाच. मी रेघ ओढली आणि निघालो. येताना खरंच बाजारातून सुकट आणली.

त्यानंतर तो फोटो माझ्या मागे लागला. नांगर धरला की समोरच्या ढेकळात दिसायचा. जेवताना भावजयीनं ताट पुढं केलं की वाटायचं, ही आता विचारेल, बाजारात काय बघितलंत दादा?

म्हणून तिनं लुगड्याचं विचारल्यावर मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला. मुरबाडला एका कचेरीच्या भिंतीवर त्या अधिकाराचा फलक मी उभा राहून अर्धा तास वाचला होता. अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला, स्टँप लावला. त्या प्रेताची नंतर कोणी ओळख पटवली काय, आणि त्याचं पुढं काय केलं, एवढंच विचारलं. मनात एकच आस होती. दुसऱ्या कोणी, दुसऱ्या गावच्या माणसानं, हा आमचा म्हणून ते प्रेत नेलं असेल. तसा कागद मिळाला की मी सुटलो.

टेबलावरची बाई म्हणाली, "बाबा, कशासाठी पाहिजे ते नाही लिहिलं."

"लिवायची गरज नाय. तुमच्याच भिंतीवर लिवलंय."

ती हसली आणि शिक्का मारला.

महिना उलटला. मग पाकीट आलं: अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग करण्यात येत आहे. त्या दुसऱ्यानं शहापूरला तिसऱ्याकडे पाठवला. खर्डीला उतरून रिक्षा, नाहीतर मुरबाडहून एसटी, असा मी फिरत राहिलो. पोस्टमन वाडीत शिरला की भावजय ओट्यावर यायची. ती बरी होत होती, भिंतीला धरून चालायची.

"दादा, कागद आला का?"

"आला. पन आपला नाय. ह्यो त्यांचा त्यांना हाय."

मग एक उत्तर असं आलं की मी ते तीनदा वाचलं. मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तीची खाजगी माहिती आहे, सबब त्या व्यक्तीची संमती जोडावी. मी ओट्यावर बसून हसलो. हसताना मला घाम सुटला, कारण घटकाभर मी खरंच विचार केला की त्याची संमती कशी आणावी, आणि तो ती देईल का.

मी अपील केलं. सुनावणीला मोठ्या साहेबांपुढे उभा राहिलो. बसा म्हणाले, बसलो नाही.

"साहेब, संमती आनतो. तो कुठं हाय तेवढं सांगा, आत्ता जातो."

साहेबांनी पुन्हा कागद वाचला. खालच्या माणसाकडे बघून म्हणाले, "यांना फाईल दाखवा."

फाईल दाखवली ती एका लांब खोलीत. खिडकीखाली बाक होतं. गठ्ठे लाल फडक्यांत बांधून छतापर्यंत रचलेले. प्रत्येक गठ्ठ्यात कोणी ना कोणी होतं, असं मला वाटलं, आणि मी आलेलं त्यांना कळलं होतं. तिथल्या कारकून बाईनं विचारलं, "बाबा, वाचून दाखवू का?"

त्या वेळी हवालदारानं हे विचारलं असतं तर? तरी मी नकोच म्हणालो असतो. आताही नको म्हणालो. बोट ठेवून एकेक अक्षर वाचत गेलो.

पहिला कागद माझाच होता. माझा जबाब. फोटो पाहिला, सदर इसम माझा भाऊ नाही, अशी माझी खात्री आहे. मी "नाय वाटत" म्हणालो होतो. पुढं होतं, मला वस्तू दाखवण्यात आल्या, त्या मी ओळखत नाही. मला वस्तू कोणी दाखवल्या नव्हत्या. मीच नको म्हणालो होतो. हे त्यानं वाचून दाखवलं असतं तर मी थांब म्हटलं असतं, आणि मग आतल्या खोलीत जावं लागलं असतं. पण वाचून दाखवायला माझा अंगठा लागला असता. खाली माझी सही होती. रेघ एका दमात गेलेली. ती बघवेना.

दुसरा कागद पंचनामा. कमरेला सुती दोरी, दोरीला कोयता अडकवायची लाकडी आकडी, आकडीवर तीन आडव्या खाचा.

त्या खाचा मी पाडल्या होत्या. आम्हा दोघा भावांच्या आकड्या मीच कोरल्या, एकाच लाकडाच्या. एका खुंटीला टांगायचो म्हणून अदलाबदल होऊ नये यासाठी माझ्या आकडीवर दोन खाचा, त्याच्या आकडीवर तीन.

पुढं लिहिलं होतं, कोणी वारस न आल्याने बेवारस म्हणून दफन. कुठे, त्याची नोंद आढळून येत नाही.

नकला घेतल्या, घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवल्या. घरी पोचलो तर भावजय ओट्यावर उभी होती.

"दादा, कागद आला का?"

असल्याच उत्तरांसाठी किती महिने मी कचेरीतल्या लोकांना शिव्या घातल्या होत्या. माझ्या तोंडून आलं,

"माहिती उपलब्ध नाय, असं लिवून दिलंय."

ती माझ्या खिशाकडे बघत होती. "बरं," म्हणाली आणि आत गेली.

आमच्याकडे माणूस गेलं की घरात पीठ पसरतात, त्यावर टोपली पालथी घालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली उचलून बघतात, पिठावर कोणाचं पाऊल उमटलं. पाखराचं असेल, जनावराचं असेल. त्या पावलावरून कळतं, माणूस कुठं गेला. माझ्या भावाचं ते कधी झालंच नव्हतं, कारण दिवस ठाऊक नव्हता. आता पंचनाम्यावर तारीख होती, ज्या दिवशी तो सापडला ती. पंचांग बघणाऱ्याकडून मी तिथी काढून घेतली. ती तिथी आली तेव्हा गोठ्याच्या कोपऱ्यात, कोणी बघत नाही असं बघून, पसाभर तांदळाचं पीठ पसरलं, हातानं सारखं केलं आणि वर कोंबड्यांचा डालगा पालथा घातला.

सकाळी उजाडल्यावर गेलो. डालगा होता तिथंच होता. उचलला.

पिठावर खूण होती. पाखराची नव्हती, जनावराची नव्हती. माणसाच्या हाताचा पंजा, अलगद टेकवलेला. करंगळी वाकडी. भावजयीची करंगळी उखळाखाली सापडून वाकडी झालेली आहे. पिलांसाठी डालगा न्यायला आली असेल आणि उचलून बघितलं असेल. असलं पीठ कोणासाठी पसरतात ते तिला मी सांगायची गरज नव्हती. घरात एवढ्यात दुसरं कोणी मेलेलं नाही.

मी बाहेर आलो. ती चुलीपुढं होती. कपाळावर कुंकू होतं, रोजच्यासारखं.

"चा घ्या," म्हणाली.

मी घेतला. खिशातल्या कागदांबद्दल बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती उठून परसात गेली. दुपारी बघतो तर पेटीतलं हिरवं लुगडं बाहेर दोरीवर उन्हात टाकलेलं. संध्याकाळी तिनं ते घडी करून परत पेटीत ठेवलं.

माझी आकडी अजून खुंटीला आहे. कागद तिच्यावरच्या फळीवर ठेवलेत, हात पोचेल असे. भावजयीला वाचता येत नाही. तिनं म्हटलं तर मी वाचून दाखवीन, माझ्या सहीसकट. पण पोस्टमन आला तरी ती आता ओट्यावर येत नाही. कागद आला का, असं तिनं त्या दिवसापासून एकदाही विचारलं नाही.